कामाची जागा

जयपूरहून सीकरच्या मार्गास लागले की शहराच्या वायव्येस विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र लागते. येथील रस्ते क्रमांकाने ओळखले जातात. राजस्थानात नेमणूक झालेल्या आमच्या मंडळींपैकी कित्येकांना तपासणीच्या, कर्जाच्या वा वीजजोडणीच्या निमित्ताने हे क्रमांक तोंडपाठ झालेले असतात. सकाळची पाळी सुरू होण्याच्या सुमारास फाटकापाशी थोडा वेळ उभे राहिले, तर आत जाणारा घोळका पुरुषांचाच दिसतो. एखादी स्त्री दिसली तर ती बांधकामावर डोक्यावर पाटी घेतलेली, नाही तर वेष्टनखात्यात मान खाली घालून बसलेली.

जुन्या जयपुरात असे नव्हते. सवाई जयसिंहाने 1727 मध्ये वसविलेल्या त्या नगरात रस्त्यांना धंद्यांची नावे पडली: ठठेऱ्यांचा रस्ता, मणिहारांचा रस्ता. कारखाना आणि घर एकाच छपराखाली असे, आणि त्या छपराखाली स्त्रीच्या हातांना काम असे. लाखेच्या बांगड्या वळणाऱ्या स्त्रिया मणिहारांच्या रस्त्यात आजही विस्तवापुढे बसलेल्या आढळतात. त्या श्रमाचे मोल घरच्या हिशेबात बुडून जाई हे खरे, परंतु काम तिच्या हाताशी होते. कारखाना घराबाहेर गेला आणि ती घरी राहिली. पुढील सारा इतिहास या एका स्थलांतराचा आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्यावे. 1920 नंतरच्या दशकात तेथील गिरण्यांत पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. रीळखाते आणि वाइंडिंग ही खाती बव्हंशी तिचीच. 1891 च्या कायद्याने स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा ठरविला. पुढे रात्रीचे काम बंद झाले आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा आला. हे कायदे सद्हेतूने झाले, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण गिरण्या दोन आणि तीन पाळ्यांवर चालू लागल्या, नवी यंत्रे आली, आणि जिला रात्री बोलावता येत नाही व जिच्या बाळंतपणाचा खर्च सोसावा लागतो ती मालकास नकोशी झाली. रात्रीची ती बंदी 1948 च्या कारखाना कायद्यातही कायम राहिली. स्त्रीचे रक्षण झाले, तिची खाती मात्र तिच्या हातून गेली.

पूर्वेकडे गोष्ट वेगळी घडली. बांगलादेशात नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याने (आमच्या व्यवसायबंधूंनी हे नाव ध्यानात ठेवावे!) देश गारमेंट्स ही कंपनी काढली व 1979 मध्ये 130 माणसे शिक्षणासाठी दक्षिण कोरियात धाडली. त्यांत स्त्रियाही होत्या. त्या बीजातून वाढलेल्या शिवणकारखान्यांत खेड्यापाड्यांतील लाखो मुली रोजगारासाठी शिरल्या. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा कोसळून 1,134 माणसे दगावली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. भिंतींस तडे गेल्याचे आदल्याच दिवशी दिसले होते, तरी सकाळी त्यांस आत पाठविण्यात आले.

पश्चिमेकडील सियालकोटचा प्रसंग याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे. वीस षट्कोनी आणि बारा पंचकोनी तुकडे हाताने शिवून फुटबॉल करण्याचा तेथील धंदा घरोघर चाले. स्त्रिया चूल सांभाळून चेंडू शिवीत, आणि शेजारी बसून मुलेही शिवीत. बालमजुरीविरुद्ध जगभर हाकाटी झाली. फेब्रुवारी 1997 मध्ये सियालकोटचे व्यापारी मंडळ, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात अटलांटा येथे करार झाला. शिवण घरांतून उचलून देखरेखीच्या केंद्रांत नेण्यात आली. मुले सुटली हे चांगलेच झाले. परंतु ज्या स्त्रीस परक्या पुरुषांत जाऊन बसणे घरच्या रीतीने शक्य नव्हते, तिचे उत्पन्न त्याबरोबर गेले. पुढे गावोगाव केवळ स्त्रियांची केंद्रे निघाली, पण सर्वांना ती पुरली नाहीत.

घरचे काम घरीच राहून प्रतिष्ठेचे होऊ शकते, याचा दाखला गिरगावात आहे. 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, तोच आजचा लिज्जत. पीठ केंद्रात मळावयाचे, लाट्या घरी न्यावयाच्या, दुसऱ्या दिवशी पापड तोलून द्यावयाचे. सियालकोटच्या स्त्रीपाशीही घर होते आणि कसब होते. गिरगावकर भगिनींपाशी तराजू आणि वहीही होती, कारण त्या स्वतःच मालक होत्या. आम्हांस तरी फरक एवढाच दिसतो, आणि तो लहान नाही.

जयपूरकडे परत येऊ. सियालकोटचा करार झाला त्याच 1997 साली, 13 ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्याचा निकाल दिला. त्या पीठावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश सुजाता मनोहर होत्या. खटल्यामागे जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावची भंवरीदेवी होती. ती सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातील ‘साथिन’. वेतन नाही, मानधन. 1992 मध्ये तिने एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबविण्याचा यत्न केला. त्याचा सूड म्हणून पाच जणांनी शेतात आपल्यावर सामूहिक बलात्कार केला, अशी तिने फिर्याद दिली. 1995 मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले आणि पुढचे अपील उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहिले. तिला स्वतःला न्याय मिळाला नाही. तिच्या निमित्ताने कामाच्या जागी स्त्रीच्या सुरक्षिततेचे नियम मात्र साऱ्या देशास मिळाले.

2013 च्या कायद्याने कामाच्या जागेची व्याख्या घरापर्यंत आणि असंघटित धंद्यांपर्यंत नेली. जेथे दहापेक्षा कमी माणसे कामास आहेत, तेथील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. विश्वकर्मा क्षेत्राच्या क्रमांकित रस्त्यांवर अशा लहान शेडी आहेतच. ती समिती नेमणे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे असते, म्हणजे आमच्यापैकीच कोणाच्या तरी मेजावर तो कागद येतो.