निकोटिन सुटते, मेंदू धुमसतो

सिगारेट, गुटखा वा मिश्री सोडण्याचा निश्चय करणाऱ्यास पहिल्या दिवसापासूनच चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश आणि एकाग्रतेचा अभाव यांना तोंड द्यावे लागते. ही लक्षणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक तीव्र असतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. या काळात व्यसनाकडे परतलेल्या व्यक्तीवर मनोनिग्रह कमी पडल्याचा ठपका ठेवला जातो. मात्र या अस्वस्थतेमागे मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींचाही हात असावा, असे संशोधनातून दिसू लागले आहे.

या पेशींना ‘मायक्रोग्लिया’ म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांचे स्वतंत्र अस्तित्व दाखवून दिले. मेंदूतील मृत पेशी आणि जंतू यांचा निचरा करणे, हे त्यांचे काम. धोका जाणवताच त्यांचे बारीक फाटे आखूड होतात, पेशी फुगते आणि दाह निर्माण करणारी रसायने स्रवू लागतात. या पेशींवर निकोटिनला प्रतिसाद देणारे ‘अल्फा-७’ ग्राहकही असतात. ते उद्दीपित झाले, की दाह आटोक्यात राहतो. निकोटिन थांबताच हा लगाम सैल होतो, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निकोटिन बंद केल्यावर सुखाच्या जाणिवेशी निगडित ‘न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स’ या भागातील मायक्रोग्लियाचे रूप पालटले आणि दाहक प्रथिने वाढली. औषधाने या पेशींची संख्या घटविली, तेव्हा दाह आणि चिंताग्रस्त वर्तन दोन्ही कमी झाले.

अर्थात हे निष्कर्ष उंदरांपुरते आहेत. त्यामुळे व्यसन सोडताना दाहशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे योग्य नव्हे. निकोटिन दाह रोखते म्हणून धूम्रपान हितकारक, असेही समजू नये. धुरातील इतर घटक शरीरातील दाह वाढवितात.

निकोटिन च्युइंगगम, व्हरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि समुपदेशन यांचा उपयोग मात्र सिद्ध झालेला आहे. ही औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. भारतात १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळते. पहिल्या काही दिवसांतील तगमग हा दुबळेपणा नसून सावरणाऱ्या मेंदूची खूण आहे, हे कुटुंबीयांनीही ध्यानी घ्यायला हवे.