विचारील त्यालाच

इतिहास शिकवणाऱ्या माणसाने कर्करोगावर का लिहावे, असा प्रश्न वाचकाला पडेल. मी डॉक्टर नाही. पण रोग का होतो हा वैद्यकाचा प्रश्न असला, तरी तो कोणाच्या बाबतीत वेळेवर कळतो आणि कोणाच्या बाबतीत वेळ गेल्यावर, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांनी तो आजवर बाहेरच ठेवला. मीही तो ग्रंथालयातून उचललेला नाही. वडिलांच्या पाठदुखीने तो माझ्यापुढे आणला.

वडील मोंढ्यात हमाल होते. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी पाठीवर पोती वाहिली. त्यामुळे पाठ दुखू लागली तेव्हा कोणालाच नवल वाटले नाही. 'पोत्याची पाठ हाय, दुखणारच की,' असे ते स्वतःच म्हणत. गावातल्या डॉक्टरने सुई दिली, गोळ्या दिल्या. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागे, ते वयावर ढकलले गेले. आठ महिने असेच गेले. पायातले बळ जाऊ लागले तेव्हा शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग निघाला आणि तो मणक्यात पोचला होता. तिथल्या तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारले, 'तुम्ही तर शिकलेले दिसता. आधी का आणलं नाही?'

त्या वेळी मी खाली मान घातली. वडील गेल्यावर मात्र मी या रोगाविषयी मिळेल ते वाचू लागलो.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्यामधून जाते. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि ती वाढ कर्करोगाची नसते. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या अंगाला, नळीपासून दूर सुरू होतो. म्हणून पहिल्या काळात तो काहीच सांगत नाही. ग्रंथीच्या आत आहे तोवर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने तो बरा होऊ शकतो. हाडांत गेला की फक्त थोपवता येतो. थोपवण्याची वाट शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवली: पुरुषी संप्रेरक तोडले की हा कर्करोग मागे हटतो. या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाडांत गेलेल्या रोगावरील उपचाराचा पाया आजही तोच आहे. सांगायचे एवढेच की, या रोगात 'केव्हा कळले' यावर जवळजवळ सारे अवलंबून असते.

वाचता वाचता ब्रिटनमधील एक आकडा सापडला. 'प्रोस्टेट कॅन्सर यूके' या संस्थेने २०२२ च्या आरंभी प्रदेशवार हिशेब प्रसिद्ध केला. लंडनमध्ये हा कर्करोग झालेल्या आठ पुरुषांपैकी एकाचा रोग शरीरभर पसरल्यावर ओळखला गेला होता. स्कॉटलंडमध्ये हेच प्रमाण तिघांमागे एकाहून जास्त, म्हणजे शंभरात पस्तीस होते. एकाच देशात जवळजवळ तिप्पट अंतर!

हा फरक मुंबई आणि गडचिरोली यांच्यातला असता तर मी पान उलटून पुढे गेलो असतो. आपल्याकडे अशा फरकाची कारणे पाठ असतात: डॉक्टर नाही, रस्ता नाही, पैसा नाही. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे. वेल्समधल्या ट्रेडेगर गावचा, तेराव्या वर्षी शाळा सोडून कोळशाच्या खाणीत गेलेला अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाला आणि त्याने डॉक्टरच्या दारातला पैसा काढून टाकला. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, पण सेवा त्याच दिवशी सुरू झाली. इंग्लंडमध्ये साठीच्या आतल्या पुष्कळांना औषधाच्या चिठ्ठीचे पैसे पडतात. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून तेही पडत नाहीत. म्हणजे पैशाची भिंत जिथे अधिक पाडली, तिथेच रोग अधिक उशिरा सापडतो आहे. हे कोडे मला सोडवेना.

त्याचे एक उत्तर मला एका नियमात सापडले. रक्तातले पी.एस.ए. नावाचे प्रथिन मोजण्याची चाचणी अमेरिकेत १९८६ साली रोग्यावर लक्ष ठेवण्यासाठी आणि १९९४ साली रोग शोधण्यासाठी मान्य झाली. तिथे ती सरसकट होऊ लागली. पसरलेल्या अवस्थेत सापडणारे रोगी झपाट्याने घटले; पण जो रोग कधीच जीवावर उठला नसता, त्यासाठीही हजारोंवर शस्त्रक्रिया झाल्या आणि लघवीवरचा ताबा, पुरुषत्व गमावून माणसे घरी गेली. २०१२ साली तिथल्या सल्लागार मंडळाने ही सरसकट तपासणी नको म्हटले. पुढच्या वर्षांत उशिरा सापडणारे पुन्हा वाढले आणि २०१८ साली मंडळाने पंचावन्न ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषांसाठी निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला. तेव्हा चाचणी हे काही रामबाण औषध नाही, हे मान्य केले पाहिजे.

ब्रिटनने २००२ पासून मधला मार्ग धरला. कोणालाही आपण होऊन बोलवायचे नाही. पन्नाशीच्या पुढचा पुरुष डॉक्टरकडे येऊन चाचणी मागेल, तर त्याला बरेवाईट दोन्ही समजावून ती फुकट द्यायची. मात्र लक्षण नसलेल्या माणसापुढे डॉक्टरने हा विषय स्वतः काढू नये. कागदावर हा नियम किती न्याय्य दिसतो! निवड ज्याची त्याची. सर्वांना दार सारखेच उघडे.

पण विचारायला जाणार कोण? ज्याच्या कचेरीत, मित्रमंडळीत, क्लबात कोणी तरी ही चाचणी करून आलेला असतो तो. कामावरून दोन तास सुटून गेले तर ज्याचा रोज बुडत नाही तो. आणि डॉक्टरपुढे बसून 'मला काही होत नाही, तरी तपासा' असे म्हणण्यात ज्याला संकोच वाटत नाही तो. विचारणे हीसुद्धा वडिलोपार्जित मिळकत असते. जमिनीच्या उताऱ्यावर तिची नोंद नसते, एवढेच. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी 'अर्ज आधी का केला नाहीस?' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

ब्रिटनला हे सांगणारे कोणी नव्हते असे नाही. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणमजुरांच्या खेड्यात १९६१ पासून ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा डॉक्टर होता. १९७१ च्या फेब्रुवारीत त्याने 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचे सार असे की, चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त, तिथे ती कमी मिळते आणि गरज कमी तिथे जास्त. आणि बाजाराचे नियम जितके मोकळे तितके हे अधिक घडते. त्याने याला व्यस्त सेवेचा नियम म्हटले. हा लेख पुष्कळांना ठाऊक आहे. त्याने आपल्या खेड्यात काय केले, ते त्या मानाने कमी ठाऊक आहे. त्याने आपल्या यादीतल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजायचे ठरवले. जे दवाखान्यात आले त्यांचा मोजला; जे येत नव्हते त्यांच्यापर्यंत तो स्वतः गेला. रक्तदाबही गुपचूप बसणारा रोग, तेव्हा दुखत नाही म्हणून न येणारा माणूसच त्याला हवा होता. पंचवीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा शेजारच्या तशाच एका खेड्याच्या तुलनेत त्याच्या खेड्यातले पासष्टीच्या आतले मृत्यू पाव भागाहून अधिक कमी निघाले. हे काम त्याने कुठल्या मोठ्या यंत्रावर केले नाही. रक्तदाबाचा पट्टा, नावांची यादी आणि न आलेल्याचे नाव वाचण्याची सवय, एवढेच त्याचे भांडवल होते.

सरकारलाही कळवून झाले होते. १९७७ साली मजूर पक्षाच्या सरकारने सर डग्लस ब्लॅक यांची समिती नेमली. तिने १९८० साली दाखवले की, सर्वांत खालच्या व्यवसायवर्गातला माणूस निवृत्तीच्या वयाआधी मरण्याचा संभव सर्वांत वरच्या वर्गातल्यापेक्षा अडीच पट आहे. आणि हे बत्तीस वर्षे फुकट सेवा मिळूनही. तोवर सरकार बदलले होते. अहवालाच्या अवघ्या २६० चक्रमुद्रित प्रती काढल्या गेल्या, त्याही ऑगस्टमधल्या सुट्टीच्या तोंडावर. अहवाल जाळण्यापेक्षा अशा रीतीने प्रसिद्ध करणे अधिक सोयीचे असते, हे आपल्याकडच्या आयोगांच्या इतिहासावरून आपण जाणतोच.

स्कॉटलंडची स्थिती या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. ग्लासगो शहरातल्या कॅल्टन वस्तीत जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुष्य ५४ वर्षे आणि काही मैलांवरच्या लेन्झीत ८२ वर्षे, हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ साली जगापुढे ठेवला. जहाजाचे कारखाने, पोलाद, खाणी बंद पडल्यावर मागे राहिलेल्या या वस्त्या. तिथल्या डॉक्टरकडे एकेक माणूस चार-चार दुखणी घेऊन येतो आणि डॉक्टरला त्याच्यासाठी मिळणारा वेळ मात्र सुखवस्तू वस्तीतल्यापेक्षा कमी पडतो. शिवाय उत्तरेच्या डोंगराळ मुलखातली आणि बेटांवरची अंतरे आहेतच. चौथ्या दुखण्याला जिथे वेळ नाही, तिथे न दुखणाऱ्या ग्रंथीची आठवण कोण काढणार?

इथे मला माझ्याच म्हणण्याला एक टाचणी लावली पाहिजे. हे प्रमाण अपूर्णांकाचे आहे. लंडनमध्ये चाचण्या अधिक होत असतील, तर निरुपद्रवी छोटे कर्करोगही अधिक सापडणार. छेद मोठा झाला की उशिरा सापडलेल्यांचा वाटा आपोआप लहान दिसणार. तेव्हा एकास आठ आणि एकास तीन यांतले सारे अंतर वाचलेल्या जिवांचे नव्हे. विद्यार्थ्यांनी असे आकडे सभेत फेकण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. आपला पक्ष खरा असला तरी आकड्याशी प्रामाणिक राहिलेच पाहिजे. पण छेद तरी कशाने मोठा होतो? विचारणाऱ्यांच्या गर्दीनेच.

आणखी एक गाठ आहे. काळ्या पुरुषांना हा रोग होण्याचा संभव गोऱ्यांच्या दुप्पट असतो; ब्रिटनमध्ये आयुष्यभरात चौघांपैकी एकाला. त्यांची सर्वांत मोठी वस्ती लंडनमध्ये आहे. तरीही लंडनचा आकडा सर्वांत चांगला, म्हणून त्या शहरातल्या प्रत्येक गल्लीचा आकडा तसाच असेल असे समजण्याचे कारण नाही. सरासरीच्या पोटात बरेच काही लपते. २०२५ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने मसुदा प्रसिद्ध केला. त्यात सर्व पुरुषांना बोलावण्याची शिफारस नाही. ठरावीक जनुकदोष असलेल्या थोड्या पुरुषांना बोलवावे, असे आहे. काळ्या पुरुषांच्या बाबतीत पुरेसा पुरावा नाही, म्हणून त्यांचीही शिफारस नाही. पुरावा का नाही? या रोगावरच्या मोठ्या चाचणी-प्रयोगांत काळी माणसे फारच थोडी घेतली गेली म्हणून. ज्याला मोजले नाही, त्याच्याविषयी माहिती नाही. आणि माहिती नाही, म्हणून त्याला बोलवायचे नाही. हे वर्तुळ आपल्या ओळखीचे आहे.

आता घराजवळ येतो. आपल्या देशात कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली. खेड्याचा कर्करोग मोजायला मात्र १९८७ साल उजाडावे लागले. सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आणि पलीकडचे परांडा व भूम असे तीन तालुके, ३४६ गावे. शहरात नोंदणी करणारा रुग्णालयाचे कागद पाहतो. इथे कागदच नव्हते, कारण माणसे रुग्णालयापर्यंत पोचत नव्हती. म्हणून नोंदणीची माणसे गावोगाव फिरू लागली. लोकांना जमवून लक्षणे सांगू लागली, कोणाला काय होते ते विचारू लागली. त्यांना फक्त मोजायचे होते. पण काही वर्षांत असे दिसले की, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असलेल्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. १९९५ साली हे शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. नवे यंत्र आले नव्हते, कायदा बदलला नव्हता. कोणी तरी दारात येऊन विचारले होते, इतकेच. ग्लिनकॉरगचा डॉक्टर आणि बार्शीचे हे कार्यकर्ते यांनी एकच गोष्ट उलटी केली: विचारण्याचा भार रोग्याच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घेतला.

माझे गाव त्या तीन तालुक्यांत नव्हते. पण त्या तरुण डॉक्टरच्या प्रश्नाचे उत्तर मी केवळ गावावर टाकून मोकळा होऊ शकत नाही. मी वस्तीतल्या सर्वांचे अर्ज लिहितो, निराधार योजनेसाठी तहसिलात जातो, महाविद्यालयात विषमतेवर बोलतो. आठ महिने सुट्टीला घरी जात होतो. रात्री वडील कडी काढून बाहेर जात, तो आवाज मी अंथरुणात ऐकत असे. बापाला लघवीचे कसे विचारायचे, या लाजेने मी एकदाही तोंड उघडले नाही. विद्यापीठाने मला पुष्कळ प्रश्न विचारायला शिकवले, त्यात हा नव्हता.

वडिलांचे धाकटे भाऊ, नाना, अजून मोंढ्यात आहेत. वय बासष्ट. भावाला हा रोग झालेला असला की धोका दुपटीच्या घरात जातो, हे मला आता ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत चहा पिताना मी त्यांना विचारले, 'नाना, रातच्याला कितींदा उठता?' काकू आत होती. नानांनी आधी दाराकडे पाहिले, मग कपाकडे. बराच वेळ काही बोलले नाहीत.

'तीनदा,' ते म्हणाले. 'का रं?'