जिनातली धूळ आणि उजवे हृदय



मजसारख्या कामगार-कार्यकर्त्याने शेलूबाजारच्या या व्याख्यानमालेत हृदयाच्या चित्रणाचा इतिहास सांगावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही, ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु हा विषय मजकडे एका माणसाच्या पायांनी चालत आला. एका जिनिंगमध्ये तीस हंगाम रेच्यावर काढलेले हे काका. दहा पावलांत धाप लागे. घोट्यांवर सूज होती. मुनीम म्हणाला, विडीचा दमा आहे. डॉक्टरांनी मात्र इको काढावयास सांगितला. काकांनी मला विचारले, "भाऊ, बिघाड छातीत हाये, मंग हृदयाचा फोटो कायले?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर असे आहे. हृदयाचा उजवा भाग रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. जुनाट विकाराने फुप्फुसात प्राणवायू कमी पडू लागला की तेथील बारीक रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, आणि त्या दाबाशी झुंजता झुंजता उजवा कप्पा जाड होतो, मग फुगतो. पायांची सूज ही त्याच्या थकव्याची खूण.

हा दाब मोजावयाचा कसा? 1929 मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या दंडातील शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरणाखाली जाऊन चित्र घेतले. न्यूयॉर्कमध्ये कूर्नां व रिचर्ड्स यांनी त्याच वाटेने फुप्फुसाच्या रुग्णांचा दाब मोजला. तिघांना 1956 चे नोबेल मिळाले.

पण नळीचे काम जिवावरचे. बिननळीची वाट 1953 मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी काढली. हर्ट्झने प्रथम प्रयोग केला तो माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातील यंत्रावर! लोखंडातील चिरा आवाजाच्या लहरींनी शोधण्याचे ते हत्यार. कामगारांचे हत्यार डॉक्टरांच्या हाती गेले, याचा मला उगाच अभिमान वाटतो. पुढे 1984 मध्ये अमेरिकेत योक व पॉप यांनी झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताच्या वेगावरून उजव्या बाजूचा दाब काढण्याची रीत दाखविली.

आपल्या देशातही हे दुखणे ओळखले गेले होते. डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांनी 1959 मध्ये दिल्लीतील अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विडीला न शिवलेल्या स्त्रियाही त्यांत पुष्कळ होत्या, त्याही तरुण वयात. संशय चुलीच्या धुराकडे गेला. मुनिमाला हे कोणी तरी वाचून दाखवावयास हवे होते.

दाब जितका चढलेला, तितके पुढचे आयुष्य थोडे, हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. भविष्य कळून उपयोग काय, असे कोणी म्हणेल. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत प्राणवायू फार खालावलेल्या रुग्णांपैकी 42 जणांना रोज निदान 15 तास प्राणवायू दिला. पाच वर्षांत 19 दगावले. ज्यांना तो दिला नाही त्या 45 पैकी 30 गेले. तेव्हा वेळीच कळण्याला किंमत आहे.

इकोवर आंधळा विश्वासही नको. फुगलेल्या फुप्फुसातली हवा लहरी अडवते. 2003 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत वाढलेल्या फुप्फुसविकाराच्या 374 रुग्णांपैकी 44 टक्क्यांतच दाबाचा अंदाज करता आला, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अंदाज नळीच्या मोजणीशी जुळले नाहीत. म्हणून जाणता तंत्रज्ञ बरगड्यांखालून पाहतो, आणि दाबाबरोबर कप्प्याचा आकार व हालचालही तपासतो.

काकांचा उजवा कप्पा फुगलेला निघाला. त्यांना घरी प्राणवायूचे यंत्र लिहून दिले. ते भाड्याने आणले, वर्गणी युनियनने जमवली. वीज गेली की त्यांची सून जीव मुठीत धरून बसते. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसविकार कायद्याने धंद्याचा रोग मानला आहे, म्हणून आम्ही भरपाईचा अर्ज केला. तेथे इको कामी आला नाही. हृदय थकले एवढे तो सांगतो. धुळीने की विडीने, हे सांगत नाही. त्याला हजेरीचे कागद लागतात. काका तीसही हंगाम ठेकेदाराच्या वहीत होते, आणि ती वही दर हंगामाअखेर फाडली जात असे. आता त्यांच्याबरोबर रेच्यावर उभ्या असलेल्या बायांचे जबाब आम्ही गोळा करीत आहोत; आजवर सात झाले.