आधीची प्रत कुठाय?

गिट वापरणारे आपण दिवसातून दहादा ‘गिट स्टेटस’ मारतो: शेवटच्या कमिटनंतर कोणत्या फायली बदलल्या? गिट आलं 2005मध्ये. त्याच्या शंभर वर्षं आधी धुळ्यातल्या एका माणसापुढं असाच प्रश्न होता.

दासबोध मठामठांत हातानं उतरवला जायचा. कुणाकडून ओळ गळायची, कुणी शब्द ‘सुधारायचा’. नकलेची नक्कल झाली, की मूळ काय हे कळणार कसं? धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगाव मठातली प्रत आधाराला घेतली. ती समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची. तिच्यावरून 1905मध्ये दासबोध छापला. आपल्या भाषेत, तुलनेसाठी पक्कं कमिट हाती आलं!

ज्ञानेश्वरीचं तसं नाही. एकनाथांनी 1584मध्ये ती शुद्ध केली, पण खुद्द ज्ञानेश्वरांच्या काळातली प्रत आपल्याकडे नाही. म्हणून तर 1909मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथपूर्व वाटलेली पोथी छापावीशी वाटली. तेच राजवाडे 1926मध्ये धुळ्यात वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथंच उभं राहिलं.

मला यातून एवढंच दिसतं: काय बदललं हे विचारता येतं, पण आधीची प्रत कुणीतरी जपलेली असेल तरच. तेव्हा कमिट करत राहा.