दिनविशेष : १७ सप्टेंबर – मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन

१९४८ : भारतीय फौजेची एक तुकडी पहाटे बीदरमध्ये शिरली, दुसरीने हिंगोली ताब्यात घेतली आणि त्याच दिवशी हैदराबाद संस्थानचा निजाम मीर उस्मान अली खान याने शरणागती पत्करली. कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली होती. संस्थानातील रयतेचा असंतोष मात्र फार जुना होता.

बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू वा कानडी बोलणारी. कारभार आणि उच्च शिक्षण मात्र उर्दूत. जमिनीचा मोठा हिस्सा जहागीरदारांकडे आणि निजामाच्या खासगी ‘सर्फ-ए-खास’ मुलखात. सभेलाही सरकारची परवानगी लागे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. या बंदीविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रहात उतरले. १९४७ मध्ये निजामाने भारतात विलीनीकरण नाकारले, कासीम रझवीच्या रझाकार या सशस्त्र संघटनेने गावोगाव अत्याचार मांडला आणि लोकांनी शस्त्रे हाती घेतली.

वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. आज ध्वजवंदनानंतर शाळाशाळांतून मुलांना विजयाच्या तारखेसोबत लढ्यामागची ही कारणेही सांगायला हवीत.