गाणे डोळ्यांनी ऐकताना

पोळ्याच्या सुमारास आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. गाणी स्वतः रचतो, स्वतःच म्हणतो. पाठीशी कंपनी नाही, कुणाची ओळख नाही. म्हणाला, “सर, गाण्याचा व्हिडिओ काढायचा आहे. भाड्याची मोटार ठरवली, नागपुरात एक बंगलाही पाहून ठेवला. बाबा पैसे उसने आणतो म्हणाले. कापसाचे चुकारे झाले की फेडू.” कापूस तर अजून बोंडातही आला नव्हता!

वाचकहो, मी पडलो इतिहासाचा मास्तर. पुढचे विचारले की आधी मागे पाहायची खोड. गाण्याला चित्राची जोड देणे काही कालपरवाचे नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करीत आले. एका कथेच्या सुट्या चित्रांची एक पोथी. एकेक चित्र समोर उभे करायचे आणि वाद्यांच्या साथीने गात कथा पुढे न्यायची. चित्र हाताने काढलेले, गळाही घरचाच. ही कला जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

मग बोलपट आला. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. संगीत केशवराव भोळ्यांचे, म्हणजे मूळच्या आपल्या अमरावतीकराचे. त्याची सुरुवात मुद्दाम बघा. विष्णुपंत पागनीस तुकाराम होऊन गातात. हालचाल जवळजवळ नाही, कॅमेऱ्यालाही घाई नाही. पुढे सालोमालो तीच रचना आपली म्हणून देवळात म्हणतो, नाटकी ताना घेत, हातवारे करीत. शब्द तेच, पण एकाच्या तोंडी ते त्याचे वाटतात, दुसऱ्याच्या तोंडी उसने. दामले-फत्तेलाल यांनी कुणाला उपदेश न करता हा फरक नुसता दाखवून दिला. मला विचाराल तर गाणे कसे चित्रित करावे याचा इतका चांगला धडा आपल्याकडे दुसरा नाही.

परदेशातही पाहा. १९६५ साली बॉब डिलन लंडनच्या एका बोळात उभा राहिला. हातात पुठ्ठे, त्यांवर गाण्यातले शब्द. गाणे पुढे जाईल तसा एकेक पुठ्ठा खाली टाकायचा. बस, एवढेच! खर्च तो काय? तरी आज साठ वर्षांनी लोक ते आठवतात. आणि अलीकडे, २०१९ साली, मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गाणाऱ्या मुलांनी ‘द वारली रिव्होल्ट’ केले, तेव्हा आरेत राहणारे गायक प्रकाश भोईर यांचा आवाज त्यांनी सोबत घेतला. जंगलाचे गाणे जंगलात राहणाऱ्याच्या गळ्यातून आले.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. मग विचारले, “तुझ्या गाण्यात आहे काय?” तो म्हणाला, “वेचणी. माय.” मी म्हटले, “अरे, मग त्यात बंगला कुठून आला?”

तो गप्प झाला. पण पोरगा हुशार. आवाज आधी वेगळा टिपला. घरातल्या गाद्या-रजया खोलीत चहूबाजूंनी टांगून, म्हणजे घुमारा येत नाही. चित्रे मागाहून, चुलतभावाच्या फोनवर. ऊन डोक्यावर असले की चेहरे काळवंडतात, म्हणून सकाळ-संध्याकाळचीच वेळ धरली. आपल्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात, तो दिवस त्याने निवडला. मलाही बोलावले होते. धुऱ्यावर उभा राहून मी पाहत होतो. दहीभात ठेवला, पूजा झाली, बायका ओट्या बांधून ओळीने पऱ्हाटीत शिरल्या.

उसने पैसे बाबांनी आणलेच नाहीत. “माय, इकडे पाहू नको,” असे त्याने दहादा सांगितले, पण माउली सारखी फोनकडे पाहून हसत होती. ते त्याने तसेच ठेवले आहे.