समतोल प्रतिपूरण
अंतर्कर्णातील समतोल इंद्रियास किंवा त्याच्या तंत्रिकेस इजा झाल्यावर मेंदू शरीराचा तोल व दृष्टीचे स्थैर्य बऱ्याच अंशी पुन्हा प्रस्थापित करतो. या प्रक्रियेस समतोल प्रतिपूरण म्हणतात. बहुधा इंद्रिय मृतच राहते. बदल घडतो तो मेंदूत. हे उमगण्यास एकोणिसावे शतक बहुतेक सरले व त्याचा रुग्णांना उपयोग होण्यास आणखी साठ वर्षे गेली.

फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक प्येअर फ्लुरां यांनी १८२४ च्या सुमारास कबुतरांच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्या. ज्या प्रतलातील नलिका छेदली त्याच प्रतलात पक्ष्याचे डोके हेलकावे खाऊ लागले; ऐकू मात्र येत राहिले. तरीही चक्कर म्हणजे मेंदूतील रक्ताधिक्य, असे समजून रुग्णाचे रक्त काढण्याची रूढी चालूच राहिली. १८६१ मध्ये प्रॉस्पेअर मेन्येअर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे तिचे मूळ कानात असू शकते असे प्रतिपादिले, तर १८७० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गोल्ट्स यांनी या नलिका तोलाचे ज्ञानेंद्रिय असल्याचे मत मांडले.

प्रतिपूरणाचा सर्वांत बोलका पुरावा रशियन वैज्ञानिक ब्ल्यादीमिर बेख्तेरेव्ह यांनी १८८३ मध्ये दिला. एका बाजूचे इंद्रिय नष्ट केलेला कुत्रा प्रथम त्या बाजूस कलंडे व काही दिवसांनी सावरे. मग दुसरी बाजूही नष्ट केल्यास दोन्ही कान सारखेच निकामी होऊन काहीच घडू नये, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात कुत्रा आता दुसऱ्या बाजूस कलंडू लागला. जणू पहिला कान शाबूतच होता. मध्यंतरी मेंदूने पहिल्या कानाची उणीव स्वतः भरून काढली होती, असाच याचा अर्थ होतो.

ही उणीव कशाची, हे पुढे कळले. डोके स्थिर असतानाही दोन्ही बाजूंच्या तंत्रिकांतून आवेग सतत वाहत असतात. माकडात प्रत्येक तंतूत त्यांचे प्रमाण सेकंदाला सरासरी ९० च्या आसपास असते. डोके वळताच एका बाजूचे वाढतात, दुसरीचे घटतात. एक बाजू मूक झाली की मेंदू हा फरक म्हणजे अखंड गिरकीच समजतो. त्यातून भोवळ, ओकाऱ्या व डोळ्यांचे झटके उद्भवतात. प्रेख्ट, शिमाझू व मार्कहॅम यांना १९६६ मध्ये मांजरांत असे आढळले की, तंत्रिकेचा पुरवठा तुटला असूनही मस्तिष्क स्तंभातील त्या बाजूच्या कोशिका कालांतराने पुन्हा आवेग सोडू लागतात. दोन्ही बाजूंच्या केंद्रांतील परस्पर निरोधात होणारा बदल, कोशिकांचे स्वतःचे गुणधर्म व निमस्तिष्क या सर्वांचा यात वाटा असतो.

रुग्णाला मात्र दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याचाच सल्ला मिळे. लंडनचे कर्णतज्ञ टेरेन्स कॉथॉर्न यांच्या लक्षात आले की, शस्त्रक्रियेनंतर जे लवकर हिंडूफिरू लागतात, ते लवकर बरे होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एफ्. एस्. कुक्सी यांच्यासह व्यायामक्रम बसविला : आधी डोळे, मग डोके फिरविणे, चेंडू झेलणे, जिने चढणे, शेवटी डोळे मिटून चालणे. चक्कर आणणाऱ्या हालचाली टाळायच्या नाहीत, तर मुद्दाम करायच्या, हा त्याचा गाभा होय. चूक कळल्याखेरीज मेंदू ती सुधारीत नाही. लाकूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये बबून माकडांना शस्त्रक्रियेनंतर काही दिवस हालचाल करू दिली नाही, तेव्हा त्यांचे सावरणे लांबले. चक्कर दाबणारी गुंगीची औषधेही दीर्घकाळ घेतल्यास असाच अडथळा करतात.

प्रतिपूरण पूर्ण मात्र नसते. दोन्ही कान निकामी झाल्यास मेंदूजवळ डोळे, मान व पाय यांच्याच संवेदना उरतात. स्ट्रेप्टोमायसिनामुळे असे झालेल्या एका अमेरिकन डॉक्टरने १९५२ मध्ये लिहिलेल्या अनुभवानुसार, नाडीच्या ठोक्यासरशी पुस्तकातील अक्षरे हलत. वाचण्यासाठी त्याला पलंगाच्या गजांत डोके रोवून धरावे लागे. एकच बाजू गेली असेल, तरी त्या बाजूस डोके झटकन वळविल्यास दृष्टी लक्ष्यावरून घसरते व डोळ्यांना उडी मारून मागे यावे लागते. सिडनीच्या हाल्माजी व कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये यावरूनच खाटेपाशी करावयाची चाचणी सुचविली. सरावलेल्या काही रुग्णांत ही उडी डोके वळत असतानाच पडते व नुसत्या नजरेला दिसत नाही. ती टिपण्यास वेगवान कॅमेरा लागतो.